गाडी चार बोटं खाली

१३ नोव्हेंबर ७२, सोम.

आजचाही सोमवार गेला. अर्धी रजा फुकट.

दादाने गाडी पार ओट्याला आणून लावली. पुढचं दार उघडलं. आप्पा काठी टेकत आले, गाडीकडे पाठ करून उभे राहिले आणि पाहते तर बैठक त्यांना चांगलीच उंच. टेकायलाच मिळेना. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, सगळा भार उजव्यावर; मागे सरायला गेले की तोल जातो. दोनदा करून पाहिलं. मग दादाला सुचलं, "मागच्या दारानं घेऊ. ते वर उचललं की आडवं आत सरकवता येतंय."

आप्पांनी काठी आपटली. "मागनं मेंढरं घालत्यात, न्हाईतर मढं. मी अजून मेलो न्हाई."

आणि आत जाऊन बाजेवर. भिंतीकडे तोंड.

उचलूनही घेऊ देत नाहीत. विहिरीचं काम चालू असताना दरड अंगावर आली तेव्हा त्यांना बाजेवर घालून गावातून नेलं, सगळं गाव बघायला गोळा. तेव्हापासून एकच वाक्य: "मला परत कोनी उचलायचं न्हाई." हाड जुळलं. प्लास्टर दिवाळीआधी निघालं. पण नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय: गुडघा दर सोमवारी आणून वाकवून घ्या. संक्रांतीपर्यंत वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर असाच सरळ राहील. म्हणजे मांडी घालून बसणं नाही, बांध चढणं नाही, औतामागे चालणं नाही. आप्पांना यातलं सगळं कळतं आणि तरी काठी आपटतात.

एस.टी.च्या पायऱ्या गाडीहून उंच. बैल दुष्काळी छावणीत, म्हणजे बैलगाडीही नाही. राहिली ही एक गाडी.

१५ नोव्हें., बुध.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक ट्रंकेतून काढलं. शेजारी शब्दकोश. चौथीच्या वह्या तपासायच्या राहिल्या त्याचा घोर वेगळाच.

तर गाडी मुळात इतकी उंच नव्हतीच. पुस्तकातल्या चित्रात एक मडम मांडीवर पर्स घेऊन सहज आत बसलेली आहे. भिंगारच्या ज्या मेजरसाहेबांकडून दादाने ही जुनी विलायती गाडी घेतली, त्यांना शिकारीचा नाद. मागच्या चाकांवर गाडी ज्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर लवते, त्या पाट्यांत त्यांनी दोन्हीकडे जीपचे दोन दोन जाड पाटे वाढवून घेतले आणि पुढच्या स्प्रिंगांखाली लोखंडी चकत्या घातल्या. मग बदली झाली, गाडी विकली. दादाला ती आवडली दोन कारणांनी: मागचं दार वर उघडतं, त्यामुळे भाजीच्या पाट्या सरळ आत जातात, आणि उंच आहे, दगडधोंड्यांतून कुठेही जाते. आता ती उंचीच नडते आहे.

दादाला म्हटलं, वाढवलेलं काढून टाकू, गाडी खाली येईल.

"किती खाली?"

हा प्रश्न मात्र बरोबर विचारला.

१६ नोव्हें., गुरु.

शाळेतली मापाची टेप घरी आणली. हेडमास्तरांना विचारून आणली, तरी मन खात होतं. उद्या पहिल्या तासाच्या आत परत ठेवायची.

आप्पा बाजेवरून स्वतःचे स्वतः उठतात. म्हणजे बाजेची उंची त्यांना झेपते. म्हणजे गाडीची बैठक बाजेइतकी खाली आली की काम झालं. बाज मोजली, बैठक मोजली. फरक तीन इंचांहून थोडा जास्त. दादाने टेपकडे पाहिलंसुद्धा नाही, बोटं लावली आणि म्हणाला, "चार बोटं." त्याची बोटं पाहता दोन्ही एकच.

मी बाजेखाली वाकलेली पाहून आप्पा: "कशापायी मोजती सुमे? तिरडी बांधायचीय व्हय?"

आई आधी त्यांच्यावर रागावली, मग माझ्यावर.

१८ नोव्हें., शनि.

सकाळची शाळा करून दादाबरोबर भिंगार. बाबूभाई मिस्त्री. दादाचा मोठा विश्वास या माणसावर. शर्टाच्या खिशात कंगवा, पायात पांढरे बूट. मिस्त्रीच्या पायात पांढरे बूट कसे टिकतात हेच मला कळेना. दारात कुणा ठेकेदाराच्या मुलाची गाडी उभी, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. बाबूभाई तिच्याकडे लेकीकडे पाहावं तसे पाहत होते.

मी सांगितलं: वाढवलेले पाटे आणि चकत्या काढायच्या. बास.

"ताई, त्यात काय मजा न्हाई. पुढची स्प्रिंग ग्यासवर लाल करतो, आपोआप खाली बसते. कापायला नको, काय नको."

"पुस्तकात लिहिलंय, तापवायची नाही. पोलादाचं पाणी उतरतं, मग ती मोडते."

"वो पुस्तक विलायतचं. तिकडचं सगळं वेगळं."

"तिकडचे रस्ते चांगले. आपल्याकडे तर आणखी लवकर मोडेल."

बाबूभाई दादाकडे वळले. "बहीण मास्तरीण हाय काय?"

"व्हय."

"समजलं."

तरी निघताना पुन्हा बजावलं. काढायचं तेवढं काढायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. "फिकर नको ताई." फिकर नको म्हणणाऱ्या माणसाचीच मला जास्त फिकर वाटते. शिवाय गाडी सोमवारी मिळणार नाही म्हणाले. म्हणजे आणखी एक सोमवार.

२२ नोव्हें., बुध.

गाडी आली. शाळेच्या खिडकीतून दिसली आणि मी फळ्यावर भागाकार अर्धा टाकून तशीच उभी राहिले.

वाढवलेले पाटे काढले, चकत्या काढल्या, इथवर ठीक. पण मूळच्या पाट्यांचा बाक ठोकून सपाट केला आहे, आणि पुढच्या स्प्रिंगांचं एकेक वेटोळं कापलं आहे. का? तर दादा सांगतो, "नुसतं काढून शोभा येईना म्हनले. आता बघ की, कशी वाघासारखी बसलीय!" लांब जाऊन, डोळे बारीक करून पाहतो. देवळापर्यंत दोन फेऱ्या मारून आला. वहिनी म्हणाली, "गाडी आप्पांसाठी खाली केली का तुमच्यासाठी?"

बैठक आता बाजेपेक्षाही दोन बोटं खाली.

"मग बसायला आणखी सोपंच की," दादा.

मी पुष्कळ विचार केला. बसायला सोपंच, हे खरं वाटलं. पण कापलेलं वेटोळं परत चिकटत नाही. विचारायला नको का माणसाने!

काढलेले चार पाटे दादाने अंगणात लिंबाखाली फेकले आहेत.

२४ नोव्हें., शुक्र.

नवीन ताप. गावातून डांबरीपर्यंतचा रस्ता बैलगाड्यांचा: दोन्हीकडे चाकोऱ्या खोल, मधे उंचवटा. इतके दिवस गाडी वरून जायची. आता पोट त्या उंचवट्याला घासतं. काल सायलेन्सर उचकटला. गाडी गावात शिरली तेव्हा आवाजाने कोंबड्या उडाल्या.

आज दादा कुदळ घेऊन तो उंचवटा खरवडत होता. दुष्काळी कामावर निघालेल्या बायका थांबल्या. एक म्हणाली, "आदी गाडी खाली केली, आता रस्ता खाली करतुया. उद्या गाव खाली करशील बाबा!"

लिंबाखालचे पाटे आईने शेजारच्या सखूबाईला दिले. त्यांची माणसं ऊसतोडीला कारखान्यावर निघाली, उद्या पहाटे मुकादमाचा ट्रक येणार, आणि थोरल्या जावयाकडे कोयताच नाही. लोहाराने त्याच पाट्यांचे कोयते करून दिले. बरं झालं. गंजत पडले असते.

२७ नोव्हें., सोम.

काय लिहू.

सकाळी आप्पा पहिल्या खेपेला बसले. पाठ केली, टेकले, पाय आत घेतले, झालं. आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं की गाडी त्यांनीच बांधली आहे. आईने पदराने डोळे पुसले. वाटेत काच खाली करून, खडी फोडणाऱ्यांकडे पाहत म्हणाले, "लई दिसांनी रस्ता बघितला." मला इतकं हलकं वाटलं की पुढच्या आठवड्याच्या रजेचा अर्ज मनातल्या मनात लिहून टाकला.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये दार उघडलं. आप्पांनी पाय बाहेर काढले, काठी रोवली, जोर दिला. उठवेना. पुन्हा. बैठकीला हात टेकून जोर देतात तर गाडीच खाली दबते, आणि ते तिच्याबरोबर. एक पाय सरळ समोर पसरलेला, दुसऱ्यावर एवढ्या खालून उठायचं. तिसऱ्यांदा घामाघूम. मागे टांगा येऊन थांबलेला. टांगेवाला ओरडला, "आजोबा, उतरायचं का हितंच ऱ्हायचं?" लोक हसले.

मी हात पुढे केला. "व्हय बाजूला," आप्पा खेकसले.

मग दादाने आणि एका वॉर्डबॉयने काखेत हात घालून, एक, दोन म्हणत, ओढून बाहेर काढलं. पटका सुटून गाडीखाली गेला. उघड्या डोक्याने आप्पा पोर्चमध्ये उभे, आणि दादा जमिनीवर पालथा पडून पटका काढतोय.

आत गुडघा वाकवताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडा सैल झाला आहे, खंड पडू देऊ नका.

घरी उतरताना तेच पुन्हा, फक्त बघायला आम्हीच. दारात वळून म्हणाले, "ही शेवटची."

२८ नोव्हें., मंगळ.

कळलं. बाजेच्या वर आढ्याला कासरा बांधलेला आहे. आप्पा उठतात ते कासरा धरून, हातांच्या जोरावर. मी रोज पाहते. मी बाजेची उंची मोजली आणि कासरा पाहूनही पाहिला नाही. शिवाय सगळा विचार आत बसण्याचा केला. बसलेला माणूस पुढे कुठेतरी उतरणार आहे हे दादाच्या, मिस्त्रीच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात नाही.

दादाला सांगितलं, तर त्याने लगेच उपाय काढला. गाडीच्या छताला आत एक मूठ आहे, तिला कासरा बांधला आणि स्वतः लोंबकळून दाखवलं. मूठ छताच्या कापडासकट हातात.

हसावं की रडावं!

२ डिसें., शनि.

पुष्कळ वेळा मांडून पाहिलं. मेजरसाहेबांच्या वेळची उंची फार, आताची फार कमी. मधली हवी: मागे दोन्हीकडे काढलेल्यातला एकेक पाटा परत, पुढे चकत्या परत. म्हणजे बैठक बाजेहून दोन बोटं वर येईल. टेकताही येईल, उठताही येईल. रस्त्याचा उंचवटाही घासणार नाही.

आईला विचारलं, सखूबाईला दिलेल्यातला एखादा पाटा उरला का?

"उरंल कसा? चारींचे कोयते झाले. समदे गेले त्यांच्यासंगं."

मी कपाळाला हात लावला. आई चिडली. "मला काय म्हाईत परत लागतील? तुमीच म्हनला काढून टाकायचे. गरिबाच्या कामाला आले ते वंगाळ झालं व्हय?"

वंगाळ झालं नाही. पण जीपचे जाड पाटे परत कुठून आणायचे?

आप्पा आतून ऐकत होते. आज पाच दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलले: "मपला पाटा ऊस तोडाया गेला, आन् मी हितं बाजंवर."

कुणीच हसलं नाही. तेही नाही.

४ डिसें., सोम.

गेले नाहीत. दादाने गाडी काढलीसुद्धा नाही. सखूबाईची सासू घरीच मागे राहिली आहे, ती सांगत आली की कारखान्यावरून निरोप आला, "तुमचा कोयता लई धरतोय म्हनं." आई खूश.

९ डिसें., शनि.

नगरला जुन्या बाजारात. दादा, मी, बाबूभाई. मी येऊ नये असं दोघांच्याही मनात होतं, म्हणून मुद्दाम गेले.

भंगारवाल्याकडे पाट्यांचा ढीग. ट्रकचे फार रुंद, टॅक्सीचे अरुंद. बाबूभाई एकेक उचलून आपटून आवाज ऐकत होते. "हा बोलतोय बघा ताई, एकदम तयार माल." मी टेप लावली की दुसरीकडे बघायचे. शेवटी एक रुंदीला बरोबर मिळाला. दुसरा तसाच हवा, तर तो कुठेच नाही. बाबूभाईंनी एक उचलला, जाडीला जास्त.

"दोन्ही सारखे पाहिजेत," मी.

"उनीस-बीस. घासून बारीक करतो."

"नक्की करणार ना?"

"अल्लाकसम, ताई."

पुढची कापलेली स्प्रिंग दाखवून विचारलं, याचं काय? तर म्हणाले, चकत्या परत घालतो, कापलं ते भरून निघेल. कापलंत कशाला, असं विचारलं. त्यावर कंगवा काढून केस विंचरू लागले.

११ डिसें., सोम.

आणखी एक गेला. मी एकटीच शाळा सुटल्यावर एस.टी.ने डॉक्टरांना भेटून आले. घरी काय करता येईल ते विचारलं. त्यांनी पायाला वाळूची पिशवी बांधून पाय लोंबता ठेवायला सांगितलं, पण म्हणाले, "तेवढ्याने राखता येईल, वाढणार नाही. त्यांना इथं आणा. पुढे मी काही करू शकणार नाही." मी म्हटलं, गाडी दुरुस्त होते आहे. त्यांना वाटलं, इंजिन बिघडलंय. काय सांगणार!

आप्पांनी वाळूची पिशवी बांधू दिली. एवढं बरं. बांधताना मी म्हटलं, गाडी आता नीट होतेय. "होऊ दे. मला काय त्याचं."

१५ डिसें., शुक्र.

गाडी आली. तिरकी.

मागून पाहिलं की सरळ दिसतं: उजवी बाजू वर, डावी खाली. जाड पाटा घासलेलाच नाही. मोजलं, सव्वा इंचाचा फरक. आणि आप्पा बसणार ती डावी बाजू.

दादा: "मी उजवीकडं बसलो की सरळ होतीय. माझं वजन हाय."

"आणि उतरताना तू आधी खाली उतरणार. मग?"

"मग तू बस माझ्या जागी."

वहिनी तोंडाला पदर लावून चुलीपुढे हसत होती. मी गाडीत जाऊन बसले, खरंच बसले, दादाच्या जागी. काही फरक पडला नाही. बाहेरून दादाचा आवाज: "तू काय खाती का? पडंल कसा फरक?"

१६ डिसें., शनि.

पुन्हा भिंगार.

"घासायचं म्हणाला होतात."

"घासलं की ताई, थोडं."

"सव्वा इंच फरक आहे."

"कोण मोजतंय एवढं?"

"मी मोजतेय."

शेजारच्या टपरीवरचे दोन जवान चहा पिता पिता ऐकत होते. त्यातला एक म्हणाला, "बाईंना पलटणीत घ्या." माझे कान तापले, पण हलले नाही. बाबूभाईंनी गाडी जॅकवर घेतली, तो पाटा काढला, सहाणेवर धरला, मी समोर लाकडी खोक्यावर बसून चौथीच्या वह्या तपासल्या. तिन्हीसांजेपर्यंत. वह्यांना काळे डाग पडले. सोमवारी मुलांना काय सांगायचं, ठरवायला हवं. बसवून झाल्यावर चारी बाजूंनी मोजलं. सारखं.

बाबूभाई गाडीकडे खिन्नपणे पाहत होते. "वाघ होता. आता म्हैस झाली."

म्हैसच हवी होती.

१८ डिसें., सोम.

गाडी तयार. आप्पा तयार नाहीत.

पहाटे आईने पाणी तापवून ठेवलं. दादाने गाडी ओट्याला लावली. मी रजा टाकलेली. आप्पा उठले, परसात जाऊन आले, परत आडवे झाले.

दादा म्हणाला, "आप्पा, आता बराबर केलीय. एकदा बसून तर बघा."

"मागल्या खेपंलाबी बराबरच केली हुती."

"आता मोजूनमापून—"

"मागल्या खेपंला कोनी मोजलं हुतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत गेले. रजा रद्द करून घ्यायला पुन्हा हेडमास्तरांपुढे उभं राहायचं, तेही केलं.

२५ डिसें., सोम.

सुटी होती. तरी नाही.

आईने देवाची शपथ घातली, दादाने आवाज चढवला, वहिनीने गोड केलं. मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही, वाढवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "तितं हसले लोक. डोईवर पटका न्हवता."

माणूस जन्मभर लंगडायला तयार आहे, पण एकदा हसलेल्या लोकांसमोर परत जायला नाही. टांगेवाला आता कुठे असेल, त्याला काय आठवत असेल! हे बोलून काही उपयोग नाही. मला स्वतःला वर्गात एकदा गणित चुकलं तर वर्षभर आठवतं.

पण संताप येतो. फार येतो.

१ जाने. ७३, सोम.

तेच.

६ जाने., शनि.

आज जे केलं ते गावभर झालं असेल.

कालपासून डोक्यात होतं की मी टेपने मोजते, पण मोजते ती गाडी. आप्पांचा पाय मी कधी लावून पाहिलेला नाही. म्हणून दोन तुरकाठ्या घेतल्या, डाव्या पायाला मागून-पुढून लावल्या आणि आप्पांच्या जुन्या पटक्याच्या तुकड्याने वहिनीकडून घट्ट बांधून घेतल्या. पातळ नीट खोचलं. काठी घेतली आणि अंगणात गाडीपाशी.

पहिल्यांदा बसले ती गियरच्या दांड्यावर. वहिनी खाली बसून हसायला लागली. सखूबाईची सासू कुंपणापाशी येऊन उभी: "आगं बाया, हिला काय झालं?"

"काही नाही. सराव करतेय."

"कशाचा?"

उतरायला गेले तर उठवेना. बैठक दोन बोटं वर असूनही. एकदम घाबरले, म्हणजे एवढं सगळं करून पुन्हा चुकलंच. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा दार धरून उठले, दार हललं, बदकन परत आत.

ओट्यावरून आवाज आला. "दार धरू नगं. दार हलतंय."

आप्पा कधी येऊन बसले होते कोण जाणे. माझ्याकडे बघतच नव्हते, छपराकडे बघत होते.

"मग काय धरू?"

"चौकट धर की. ती काय हलती?" थोड्या वेळाने: "आन् काठी लई लांब रोवती तू. पायाजवळ घे. आदी पुढं सरक, पार काठावर. मग डोकं खाली घाल, बैल जू उचलतो तसं. मग उठ."

काठावर सरकले. चौकट धरली. डोकं खाली. उठले.

अशी उठले की पुढे पडता पडता वाचले. वहिनीने टाळी वाजवली. मी ओट्याकडे पाहिलं.

"तू पोर हाइस," आप्पा म्हणाले. "तुला काय." आणि काठी टेकत आत गेले.

पाय सोडल्यावर पाहिलं, पटक्याचे वळ उठलेत. एवढ्या वेळात माझे हे हाल, आणि ते रोज चालतात त्या पायावर. हे इतके दिवस मी फक्त गुडघ्याचं गणित म्हणून पाहत होते की काय?

७ जाने., रवि., दुपार

आत बसून लिहितेय. आम्हा सगळ्यांना आत घातलंय. हातांना काहीतरी हवं म्हणून ही वही.

जेवण झाल्यावर आप्पांनी विचारलं, "गाडी कुठंय?"

"अंगणात," दादा.

"समदे आत जा. दार लावून कडी घाला. फटीतनंबी बघायचं न्हाई."

आई म्हणाली, "आन् पडलात मंजी?"

"पडलो तर हाक मारीन."

"पडलेला मानूस हाक—"

"आत जा म्हनलं ना."

पटका बांधून घेतला, स्वतः, आरशात बघून. काठी घेतली. आम्ही चौघं आत, दादाने कडी घातली. अंगणात कुणी नाही. वहिनीने आधीच सखूबाईच्या सासूला हाक मारून इकडे येऊ नका म्हणून सांगितलं.

उद्या सोमवार. संक्रांतीच्या आधीचा शेवटचा. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, दिलेला नाही.

काठीचा आवाज. चालताहेत. थांबले. गाडीचं दार उघडल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग पाटे करकरले, लांबलचक. बसले.

दादा कुजबुजला, "बसले."

आई: "गप."

बसण्याचा प्रश्न नव्हताच. आम्ही सगळे पुढच्या आवाजाची वाट बघतोय.

काठी रोवल्याचा आवाज आला. पाटे पुन्हा करकरले. हे उठताना की काठावर सरकताना? दोन्ही आवाजांत फरक काय, मला माहीत नाही. काल मी आत होते, बाहेरून कसं ऐकू येतं ते पाहिलंच नाही. दुसऱ्यांदा करकरले. धाप लागल्यासारखं ऐकू येतं. का ते दादाच श्वास घेतोय.

वहिनीने डोळे मिटलेत.

आईने कडीला हात लावला. दादाने तिचा हात धरला. "थांब. अजून हाक आली न्हाई."